खुशालरावांचा वाटा

३ मे
आले एकदाची. अमरावतीहून एसटीने मूर्तिजापूर, पुढे ऑटो. वृद्धाश्रमात पोरीबाळींचं काय काम, असं ऑटोवाल्याने विचारलं. जेवू घालायला आले म्हटलं. आश्रम गावाबाहेर, रिकाम्या काळ्या वावरांच्या मधोमध आहे. इथल्या म्हाताऱ्यांचं खाणंपिणं आता माझ्याकडे. आश्रम चालवणारे कमलाकांत सर निवृत्त वकील, पण माणूस भला. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघर माझ्या हवाली केलं. दात नसलेल्यांसाठी कण्या, आंबील, पातळ वरण सुरू करणार आहे. मनकर्णाबाई नावाच्या आजींनी मला जवळ बसवून जेवली का म्हणून विचारलं. माझ्या आईनेही फोनवर हे विचारलं नव्हतं. मजेत आहे मी.

५ मे
इथली खरी पंचाईत अन्नाची नाही, पाण्याची आहे. ऊन डोक्यावर आणि ही मंडळी पाणी पीत नाहीत. सारखं उठावं लागतं, सेविकांना त्रास होतो म्हणून घशाला कोरड पाडून बसतात. त्यात पंगतीत भलताच प्रकार पाहिला. रांगेच्या टोकाला एक पाट रिकामा, समोर ताट आणि गडवा. प्रत्येकजण आधी ताटातला एक घास तिकडे ठेवतो, आपल्या ग्लासातलं पाणी त्या गडव्यात ओततो आणि मग जेवतो. मनकर्णाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘खुशालरावचा वाटा हाये तो, माय.’ आधीच घोटभर पितात, त्यातलाही अर्धा कोण्या खुशालरावांना. मी पडले हट्टी. पाट उचलला, गडवा घासून फडताळात ठेवला. आपलं पाणी आपणच प्यायचं, असं सगळ्यांना बजावलं. सरांनीही मान डोलावली.

८ मे
जमलं. मी समोर बसते आणि ग्लास रिकामा झाल्याशिवाय हलत नाही. पन्हं, ताक, आंबील, सगळं संपतं. कोणी कुरकुरतं, कोणी मला जेलर म्हणतं. म्हणू देत. सेविकांनाही सांगितलं की बाथरूमला नेताना कपाळाला आठ्या दिसल्या तर गाठ माझ्याशी आहे.

११ मे
काहीतरी चुकतंय. मनकर्णाबाईंचे ओठ फुटलेत, जीभ लाकडासारखी. हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. हे पाणी कमी पडल्याचं लक्षण, पण पाणी तर मी स्वतः पाजलंय. घोट घशाखाली उतरताना पाहिलाय. बाकीचेही सुकत चाललेत. डॉक्टर आले, सलाइन लावली. बाटली रिकामी झाली, आजी होत्या तशाच कोरड्या. डॉक्टर उन्हाळ्याला दोष देऊन गेले.

१२ मे
सकाळी पंगतीतले एक आजोबा, किसनराव मास्तर, स्वतःहून बोलले. खुशालराव इथलेच, मागच्या उन्हाळ्यात गेले. बाथरूमला नेताना एका सेविकेने तोंड वाकडं केलं, तेव्हापासून त्यांनी पाणी सोडलं. शेवटी पाणी पाणी करत होते. दुपारची पंगत बसली होती, सगळ्यांना ऐकू गेलं, पण वरण थंड होईल म्हणून कोणी उठलं नाही. जेवून हात धुतले तोवर ते गेले होते. मग ह्या सगळ्यांनी त्यांचा वाटा काढायला सुरुवात केली. मास्तर म्हणाले, ‘देत होतो तवा घोटभरच घेत होता. तुमी बंद केला. आता तो आमच्या आंगातून घेऊन राहिला.’
मी त्यांना वेड्यात काढलं. पण मनकर्णाआजींजवळ गेले तर त्या मला ओळखेनात.

१३ मे
लाज सोडून पाट परत मांडला. सगळ्यांनी ओतलं. गडवा काठोकाठ भरला, तसाच राहिला. मास्तरांचं म्हणणं, ज्याने बंद केलं त्याने द्यावं. मी माझा ग्लास त्यात ओतू लागले. माझ्या डोळ्यांसमोर गडव्यातलं पाणी खाली गेलं. तळ दिसला.
संध्याकाळी मनकर्णाबाईंनी डोळे उघडले. पेज मागितली. मी रडले, खरंच.

१४ मे
तहान लागलीय. माठ संपवला. पोट फुगलंय, तोंड कोरडंच.

१५ मे
सकाळी वाटा नाही दिला. तासाभरात आजींची जीभ आत ओढली गेली. धावत जाऊन ओतलं. आजी सावरल्या. माझी कातडी चिमटीत धरली — खाली बसत नाही.
सरांकडे रजा मागितली. ते म्हणाले, जा. पण मी गेले तर आजी —

१६ मे
पेन धरवत नाही. ओठ चिकटतात. आता घोटभर पुरत नाही खुशालरावांना, सगळं लागतं. मला भीती वाटतेय. मला जगायचंय, बाकी काही कळत नाही.

१६, दुपार
पंगत बसलीय. माझा ग्लास भरलेला. गडवा समोर.
आजी आतून पाणी मागताहेत. सगळे ऐकताहेत. कोणी उठत नाही. मीही —
आधी मी पिते. एकच घोट. मग देते, नक्की देते —
आजींचा आवाज थांबला.
ग्लास तोंडाला लावला. पाणी कमी होतंय, घशात येत नाहीये. ग्लासाच्या दुसऱ्या काठाला कोणाचे तरी सुकलेले ओठ —