शॉक म्हणजे करंट नव्हे

मंगळवार, संध्याकाळ

आज डॉक्टरांसमोर मी अडूनच बसले. माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत कॅल्शियम साचून दगडासारखं झालंय, आत नुसता फुगा फुगवून ती उघडत नाही. म्हणून बारीक नळी आत घालून शॉकवेव्ह द्यायच्या, असं ते म्हणाले. मी फक्त शॉक ऐकलं. ह्यांना शेवटी छातीवर शॉक दिले होते. तीनदा. दाराच्या काचेतून बघितलं होतं मी.

"मला शॉक नको," मी म्हणाले.

धाकटे दीर सोबत होते. "वहिनी, करंट न्हवं वो! माझा मुतखडा फोडला, तसंच हाय की."

डॉक्टरांना हसू आलं, पण म्हणाले, बरोबर आहे. लाटांच्या धक्क्याने आतला दगड तडकतो, मग स्टेंटची जाळी नीट बसते. धोका अजिबात नाही असं नाही, तेही सांगितलं.

संमतीचा कागद मी ओळ न् ओळ वाचला. "परीक्षा हाय व्हय, वहिनी?" दीर म्हणाले. वाचून मगच सही केली.

घरी आल्यापासून तेच डोक्यात. मी नको म्हणाले ते खरंच शॉकच्या भीतीने? की ह्यांच्या मागोमाग जायला निमित्त मिळालं म्हणून? पण तो तसला शॉक नाही हे कळल्यावर केवढं हायसं वाटलं. म्हणजे मला अजून जगायचंय. ह्यांच्याशिवायसुद्धा. हे कळून जरा लाजच वाटली. बोलावं असं घरात कोणी नाही, म्हणून इथं लिहिलं.