आप्पा, तुमचं बी नापास केलं

प्रिय आप्पा,

गेल्या आठवड्यात मी तुमचं बी नापास केलं. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जायला नको, म्हणून मीच लिहायला बसले.

तुम्ही आम्हाला सोडून जायच्या आधी काढलेलं कांद्याचं बी, त्यातली शेवटची पिशवी. गावात वाटायचं म्हणून संजूने ती आमच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. पहिली ताटली मीच मोजून लावली. शंभरात नव्वद दाणे उगवले! धाकटा भाऊच तो, फोनवर म्हणाला, "ताई, झालं की. आता परत कशाला?"

मीही तुम्हाला हेच विचारलं होतं ना? कॉलेजात होते तेव्हा. सायखेड्याच्या घरी ओल्या गोणपाटात मी शंभर बिया मोजून ठेवल्या, छान उगवल्या, तरी तुम्ही म्हणालात, अजून तीनदा कर. एवढी शिकलेली मी, आणि माझ्यावर भरवसा नाही? दोन दिवस अबोला धरला मी. किती हट्टी होतात तुम्ही!

पुढच्या तिन्ही वेळा तुम्ही न बघता चिमटीने दाणे उचललेत. उगवण घसरली. तेव्हा म्हणालात, "तुझा हात निवडण्यात बसलाय, पोरी. पोचट दाना आपोआप बाजूला सारतो. अन् एखादी खेप नुसत्या नशिबानंच चांगली निघती."

लहानपणापासून सुपात बी निवडलेली माझी बोटं ती! प्रयोग पुन्हा का करायचा, हे पुढे पुस्तकांत वाचलं तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

म्हणून या वेळी पिशवीवरचं नाव झाकलं आणि बाकीच्या तीन ताटल्या सहकाऱ्यांना मोजायला दिल्या. तिन्हींची उगवण ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी भरली. नापासाच्या अहवालावर सही करताना रडू आलं, आप्पा. पण सही केली. संजूने रागाने फोन ठेवला.

आज सकाळी तो स्वतः नाशिकला आला. त्याने घरी चार गोणपाटं भिजवली होती, दाणे शेजारच्या काकूंकडून मोजून घेतले होते. आमच्या तीन ताटल्यांएवढीच कमी उगवण. म्हणाला, "आप्पांच्या नावावर लोकांचे वाफे रिकामे राह्यले असते, ताई. बरं झालं." इतका अभिमान वाटला त्याचा! आणि तुमचाही.

जे दाणे उगवले ते त्याने बांधाकडेला लावलेत. त्यांचे कांदे होतील, कांद्यांना बी धरेल, दोन वर्षं जातील. ते बी मी चार वेळा तपासून घेईन, परक्या हातांनी. आणि कमी पडलं, तर तुमचं असूनही पुन्हा नापास करेन. शब्द देते.

तुमचीच,
मंगल