सात एकांची संख्या

४ नोव्हेंबर, मंगळ.
मंदारचा मुंबईहून फोन. रविवारी येऊन दादाला चिपळूणच्या संस्थेत नेणार. "आत्या, बाबांना काही कळत नाही. तू सत्तरीची, किती दिवस उचलबसव करणार?" अर्धांगवायूने दादाची वाचा गेली, हे खरं. कळत नाही, हे कुणी ठरवलं? म्हटलं, कळतं असं दाखवून दिलं तर?
"तर राहू देत तुझ्याकडे."
चार दिवस आहेत.

५ नोव्हें., बुध.
मी बी.एस्सी.ला असताना दादाने घातलेलं गणित काढलं. ११,११,१११ चे मूळ अवयव पाड. तेव्हा हरले होते. उत्तर मागितलं तर म्हणाला, "मी सांगितलं तर ते तुझं राहील का गं?" मग शाळेतली नोकरी. राहूनच गेलं.
सात एक आहेत, म्हणून मूळ अवयव चौदाच्या पटीपेक्षा एकाने मोठाच हवा. यादी केली : २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९, २८१... वही दादाच्या मांडीवर. भागाकार हातानेच. कॅल्क्युलेटर आमच्याकडे चालत नाही.

७ नोव्हें., शुक्र.
२११ पर्यंत एकही नाही. २३९ ने बाकी ४४. काट मारली. दादाचं डावं बोट नेमकं त्यावर. कामाला येणारी सुलू त्याला भरवायला आलेली. "बाई, दादा बोट उचलीत नायत. पेज निवली."
मी ओरडले, "दादा, झालं ते. पुढे चल!" बोट उचलून बाजूला ठेवलं.
त्याने डोळे मिटले. पेज घेतली नाही.

९ नोव्हें., रवि.
४९१ झाला. काही नाही. मंदार आला. दाखवायला काय होतं?
गाडीत बसवलं तेव्हा दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. वाटेतून मंदारचा 'हातखंबा सोडलं' एवढा मेसेज.

१० नोव्हें., सोम.
पहिल्यापासून तपासलं. २३९ च्या भागाकारात १५५१ वजा १४३४. मी १२७ लिहिलेत. ११७ हवेत. हातचा विसरले. पस्तीस वर्षं पोरांचे हातचे तपासले.
बाकी शून्य. २३९ × ४६४९.
मंदारला फोन. "आत्या, बोट कुठेतरी असणारच ना? आणि उत्तर त्यांना जुनं पाठ असेल." पाठ आहे म्हणजे डोकं शाबूत नाही?
"बरं. शनिवारी चिपळूणला ये. नवीन गणित घाल. माझ्यासमोर."

१४ नोव्हें., शुक्र.
दादाची खाट सुलूने भिंतीला उभी केली होती. पुन्हा आडवी करायला लावली.
उद्या पहिली एस.टी. तेरा एकांची संख्या घेतली आहे. आकडे क्रम मोडून मांडलेत : १५७, ५३, ३१३, ७९, ४४३, १३१. आधी त्याचं बोट, मग माझा भागाकार. मी अजून एकानेही भागलेलं नाही. उत्तर माहीत असलं तर चेहऱ्यावर दिसेल, आणि माझा चेहरा त्याला लहानपणापासून वाचता येतो.
बोट ठेवील की नाही, कोण जाणे. मागच्या वेळी मीच उचललं होतं.