रविवारपर्यंत राखून ठेवलेली तीन पावलं

ती. ताईस,

गुडघे कुरकुरत असतानाही वाकून केलेला नमस्कार पोचावा. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा रक्तदाब आणि त्यांचे विनोद, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो.

पत्रास कारण, माझी डावी चप्पल. घरात घालायची, मऊ, निळी, सहा वर्षं माझ्या पायाशी एकनिष्ठ. गेल्या पंधरा दिवसांत ती चार वेळा बादलीत बुडवण्यात आली. उजवीला मात्र कोणी बोट लावत नाही. या पक्षपाताला शास्त्रात आधार सापडत नाही. आरोपी म्हणजे तुझी-माझी नात, वय चौदा महिने, घरातलं नाव भिंगरी. (नाव ठेवलं तेव्हा ती एका जागी पडून छताकडे बघत असे. ठेवणारा मीच.)

तुला ठाऊकच आहे, जावई बोटीवर आणि लेक दिवसभर तिच्या दातांच्या दवाखान्यात. पाळणाघर बंद झाल्यापासून भिंगरीची दिवसपाळी माझ्याकडे. माझं शब्दकोशाची मुद्रितं तपासायचं काम घरूनच चालतं, त्यामुळे व्यवस्था उत्तम आहे. मी 'क' तपासतो, ती 'अ' चघळते. चघळायला आठ दात आहेत, आणि त्यातल्या पहिल्या दातापासूनच हे सगळं सुरू झालं. तो दात पाळणाघरातल्या बाईंनी आधी पाहिला. दिवसभर लोकांचे जबडे उघडून बघणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाईंना स्वतःच्या लेकीचा दात तिसऱ्या दिवशी कळला. मी त्यावर एक विनोद केला. (चांगला होता.) लेक हसली नाही. न्हाणीघरात गेली, बराच वेळ नळ वाहत राहिला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "बाबा, पहिलं पाऊल तरी मीच बघणार हं."

मग तो मंगळवार आला. सकाळचे अकरा वीस. भिंगरी एका हाताने माझ्या खुर्चीचा पाय धरून उभी, दुसऱ्या हातात डावी चप्पल, समोर बादली. (बादली तिथे का, तर पंख्याची पाती पुसायचा माझा संकल्प होता. संकल्प अजून आहे.) तिने खुर्ची सोडली. हात वर, पोट पुढे, पाय फाकलेले, आणि एक, दोन, तीन! वामनाने तीन पावलांत त्रैलोक्य घेतलं, हिने तीन पावलांत माझी चप्पल बुडवली आणि चौथ्याला धपकन बसली. वळणं तिला जमेना. पहिल्यांदा चालणाऱ्याला फक्त नाकासमोर जाता येतं. मी टाळी वाजवायला हात उचलले, लेकीचं बोलणं आठवलं, आणि हात तसेच मागे घेतले.

ताई, मी डगमगणारा माणूस नव्हे. लेक परतते तेव्हा भिंगरी पेंगुळलेली असते, म्हणून हे पाऊल रविवारपर्यंत राखून ठेवायचं ठरवलं. तोवर सराव झाला तर पाऊल जुनं दिसणार! तेव्हा ती उभी राहिली रे राहिली की मी "बस, बस" म्हणत तिला अलगद खाली बसवू लागलो. दिवसातून तीस-चाळीस वेळा. खुर्ची गॅलरीत गेली, चप्पल कपाटावर. रविवारी मी सगळा देखावा पुन्हा मांडला. "बाबा, बादली कशाला?" लेकीने विचारलं. म्हटलं, पंखा. भिंगरी खुर्ची धरून उभी राहिली. चप्पल पाहिली, बादली पाहिली, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं, "बश" म्हणाली आणि आपली आपण बसली. (हा तिचा पहिला शब्द. तो आईच्या देखत निघाला, एवढं पुण्य माझ्या नावावर लिहावं.) लेक हरखली, मग म्हणाली, "हे हिला कोणी शिकवलं?" मला खोकला आला.

त्याला आज दहा दिवस झाले. भिंगरी चालत नाही. मी खुर्ची मांडतो, चप्पल नाचवतो, ती बुडवूनही दाखवतो. (वर चार वेळा लिहिलं, त्यातल्या तीन माझ्याच हातच्या. आरोपपत्रात दुरुस्ती करावी.) वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई सांगून गेल्या की त्यांचा नातू दहाव्या महिन्यात धावत होता. (हल्ली तो दिवसभर जिन्यात बसलेला असतो, पण ते असो.) लेकीने त्याच संध्याकाळी वेळ घेतली. पुढल्या गुरुवारी भिंगरीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. काल तिचे तळवे हातात घेऊन म्हणाली, "मी दिवसभर बाहेर असते ना बाबा, म्हणून मागे राहिली असेल." मी मुद्रितातून डोकं वर काढलं नाही.

तरी काळजी नसावी. कोणी नवव्या महिन्यात चालतं, कोणी सतराव्या. गुरुवारच्या आत ती चालेल याची मला खात्री आहे.

एका पायाने ओला,
तुझा धाकटा

ता. क. भाऊजींना पत्र वाचून दाखवू नकोस. ते हसतील, आणि नेमके हसायच्या जागी हसतील.

आणखी एक ता. क. लेकीची आई असती तर हे तिलाच विचारलं असतं. मी परगावी शिकवत होतो आणि त्या दोघी तुझ्याकडे होत्या, तेव्हाचं. शनिवारी मी दारात आलो आणि लेक तुझा हात सोडून माझ्याकडे सात पावलं चालत आली. "अरे, पहिल्यांदाच!" असं तू ओरडलीस. अठ्ठावीस वर्षं मी ही गोष्ट सांगतो आहे. पण ताई, त्या दिवशी ती वाटेतल्या स्टुलाला वळसा घालून आली होती. मी रागावलेलो नाही. तू तिला आठवडाभर खुशाल चालू दिलंस आणि खोटं फक्त माझ्याशी बोललीस. हे इतकं सोपं मला सुचलं नाही.

बुधवारी ये. लेकीला सगळं मीच सांगेन, तू नुसती शेजारी बस. डॉक्टर पाय तपासतील, आणि पाय ठणठणीत निघतील. भीती मला पायांची नाही. उभी राहिली की भिंगरी अजून आधी माझ्याकडे बघते.