बाग-ए-आम आणि माझी मागची भिंत

मी, रत्नमाला सूर्यभान वाव्हळे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार बागेमागची गल्ली, जहागीरपूर, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव टाकायला भाचा दोनदा येऊन गेला, चहा पिऊन परत गेला. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यातले स्पेलिंग मी दुरुस्त केले आहे. चूक दिसली की लाल शाई काढायची, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेले वळण आता सुटणार नाही.

१. बँकेतली शिल्लक आणि पुस्तके भाची संघप्रिया हिला. शिल्लक किती, हे तिने कधीही विचारले नाही. एवढी पात्रता मला पुरेशी आहे. झाडे छाटायची मोठी कात्री समोरच्या कडूबाईला. ती माझी मेंदी न विचारता छाटते आणि माझ्यापेक्षा सरळ छाटते.

२. भाचा सुगत ऊर्फ पप्पू, धंदा ठेकेदारी, याला बागेतला सिमेंटचा आंबा. तो माझ्या मालकीचा नाही, हे मला ठाऊक आहे. नगरपालिकेने तो त्याच्या अंगणात नेऊन ठेवावा, ही फक्त इच्छा. कारण लिहिणे भाग आहे.

आमची बाग निजामाच्या काळातली. आखणाऱ्याने चार दिशांना चार फाटके ठेवली, चारही सारखी. प्रत्येकातून एक सरळ वाट मधल्या हौदाशी येते. मुख्य फाटक नाहीच. कुणीही कुठूनही आले तरी सारखेच चालून पाण्याशी पोहोचावे, असा तो बेत. आमची वस्ती पूर्वेला, म्हणून वडील मला पूर्वेच्या फाटकाने नेत. गावच्या विहिरीवर ज्यांना बाजूला उभे करत, ते या हौदात पाय सोडून बसत. फाटकाच्या दगडावर उर्दूत नाव कोरलेले होते: बाग-ए-आम. म्हणजे सर्वांची बाग.

चार वर्षांपूर्वी नगरपालिकेने सुशोभीकरण काढले. सभेला मी होते. नगराध्यक्ष दत्तराव म्हणाले, "नावातच आम हाय, तर मधी एक मोठा आंबा पायजे."

"दत्तराव, इथे आम म्हणजे सर्वसामान्य. दिवाण-ए-आममध्ये बादशहा काय आमरस ओरपायला बसत होता?"

"बाई, तुमी इंग्रजीच्या. आमाला हिंदी येतंय."

"मग आम जनता म्हणजे कोण? तुमच्या आमराईतली?"

सभा खो खो हसली आणि हसत हसतच ठराव मंजूर झाला.

हौद बुजवून त्यावर आंबा उभा राहिला. ठेका पप्पूला.

"आत्या, लय भारी दिसायलाय का न्हाई?"

"देठ खाली आहे, पप्पू."

"त्याच्यावरच तर उभा हाय, आत्या!"

परगावचे लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि ही पपई कुणाच्या स्मरणार्थ, असे विचारतात.

इथवर हसता येते. पण आंब्याची नासधूस होऊ नये म्हणून बागेला तिकीट लागले, आणि तिकीट चुकवून कुणी शिरू नये म्हणून पश्चिमेचे सोडून बाकी तीनही फाटके विटांनी बुजवली. आता आमच्या गल्लीला उसाच्या ट्रॅक्टरांमधून हमरस्त्याने वळसा घालावा लागतो. कडूबाईचे सासरे रोज संध्याकाळी बागेतल्या लिंबाखाली बसत. आता ते ओट्यावर बसून भिंतीकडे बघतात.

३. घर. पप्पूला तिथे दुकाने काढायची आहेत. काढू नयेत. माझ्या घराची मागची भिंत हीच बागेची पूर्वेची भिंत आहे, आणि सरकारी मोजणीनुसार ती पूर्ण माझी आहे. घर गल्लीच्या महिला मंडळाला. पुढच्या खोलीत मुलींनी अभ्यास करावा. पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंतचा बोळ बागेत जाण्याची वाट म्हणून कायम मोकळा राहावा, आणि त्याच्या टोकाला ही भिंत पाडावी. तिकीट नको, कडी नको, कुणाच्या नावाची पाटीही नको, माझ्यासुद्धा.

हे कानावर जाताच दत्तराव स्वतः आले.

"बाई, भिंतीला हात लावला तर नोटीस येईल."

"येऊ द्या. तपासून परत पाठवीन."

"आन् मृत्युपत्र तर मेल्यावर लागू होतंय. तवर बघू की." आणि माझ्या प्रकृतीची मनापासून चौकशी करून, शंभर वर्षे जगा म्हणून ते गेले.

४. दत्तरावांचा मुद्दा कायद्याला धरून आहे. इतक्या वर्षांत त्यांचे हे पहिलेच बिनचूक वाक्य. म्हणून भिंत पाडण्याची सूचना मी या मृत्युपत्रातून वगळते. ती भिंत नागेश गवंडी आज सकाळपासून पाडतो आहे. कडूबाईचे सासरे विटा उचलून व्हायच्या आतच पलीकडे जाऊन लिंबाखाली बसले आहेत. तिकीट विचारायला आलेल्या शिपायाला त्यांनी शेजारी बसवून घेतले आहे.

बाकी सर्व माझ्या पश्चात लागू.

सही: रत्नमाला सूर्यभान वाव्हळे
जहागीरपूर, ९ डिसेंबर २०२४

साक्षीदार:
१. नागेश किशनराव गवंडी, बागेच्या बाजूने.
२. बायनाबाई ग्यानोबा खिल्लारे, शेजारीण, घराच्या बाजूने, अंगठा.

दोघांनीही मला सही करताना एकाच वेळी पाहिले. मध्ये आता काही नाही.