शून्याच्या जागी एक

आई, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात तू खानावळ चालवायचीस तेव्हा चूल मागे होती आणि जेवणारे पार समोरच्या ओसरीत. मी एक पोळी नेऊन वाढायची आणि तो माणूस 'अजून' म्हणेपर्यंत तिथेच थांबायची. आतून तुझा आवाज यायचा, "काहून उभी राहिलीस वं पोट्टे? ताटात जागा किती हाय ते पाह्य, तेवढ्या घेऊन जाय!"

घरातली पहिली पदवी माझ्या हाती आली तेव्हा तू नव्हतीस. रायपूर राजधानी झालं, आणि मी इथल्या एका इस्पितळात सर्व्हर सांभाळते. जगदलपूरहून रुग्णांच्या स्कॅनची चित्रं उपग्रहावरून आमच्याकडे येतात. लाइन मोठी, तरी चित्रं रांगत यायची. शोधता शोधता कळलं की तिकडचा सर्व्हर थोडंसं पाठवतो आणि आमचं 'पोचलं' आकाशातून परत जाईपर्यंत नुसता बसून राहतो. आमच्याकडे जागा भरपूर. पण ती किती आहे हे तिकडे पूर्ण सांगण्याची सोय, विंडो स्केलिंग, सर्व्हरच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, कुणीतरी शून्य करून, म्हणजे बंद करून ठेवलेली. एका जुन्या फायरवॉलला ती चालत नसे. फायरवॉल गेली, शून्य राहिलं.

मी साहेबांना सांगितलं.

"मॅडम, चल रहा है न? काहे छेड़ना?"

"चल नहीं रहा सर, रेंग रहा है."

ते हसले. "बंद पड़ा तो आप जानो."

"हव सर, मैं जानूँ."

त्या सकाळी जगदलपुरात मानेला मार लागलेली एक बाई पडून होती. तिला केशकालच्या घाटातून इकडे हलवायचं की नाही, हे चित्रं पाहिल्याशिवाय आमचे डॉक्टर सांगू शकत नव्हते. तिकडे गाडी दारात उभी. मी इथे शून्याच्या जागी एक केला, तिकडचा सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलीकडून फोनवर तेच करवून घेतलं, दोन्हीकडचे बफर, म्हणजे चित्रं तात्पुरती ठेवायची जागा, वाढवले आणि चित्रं नव्यानं मागवली. डॉक्टर चहा सांगायला उठले होते.

"अरे, आ गया?" ते तसेच परत बसले. थोडा वेळ पडद्यावरून नजर हलली नाही. मग फोन उचलून म्हणाले, "इनको हिलाना मत. गाड़ी वापस करो, हम आते हैं."

ती बाई वाचली, आई. आता चालतेसुद्धा.

हे पत्र मी पाठवणार तरी कुठे? पण तुझ्यापाशी खरं सांगते. त्या बाईची चौकशी मी थेट संध्याकाळी केली. चित्रं उघडली त्या क्षणी मनात एवढंच आलं होतं, की तू हे बघायला हवं होतंस.