मनमायाचा पाय

६ नोव्हेंबर २०२३
नेपाळच्या भूकंपग्रस्तांसाठी आमच्या हॉस्पिटलातून पथक निघतंय. सर्जन धनेश सर म्हणाले, "सिस्टर, चेचलेले हातपाय तुमच्याइतके कोणी पाहिलेत?" खरंच आहे. बारा वर्षं चाकणला प्रेस मशीनखाली आलेले हातच बांधतेय मी!

घरी सासूबाईंचा भडका – "दिवाळीच्या तोंडावर घरातली सून परमुलखात लोकांची घाण काढाया जाती व्हय? न्हाई जायचं."
माझी बॅग मात्र नवऱ्यानं, शेखरनंच भरली.

९ नोव्हेंबर
पोचलो. डोंगर, तंबू, हाडं गोठवणारी थंडी. बोटांत सुई धरवत नाही.

१० नोव्हेंबर
मनमाया, वय सत्तावीस. घराची भिंत पायावर पडलेली. जखम चिघळलीय, वास सुटलाय. तिचा नवरा डंबर माझ्या जॅकेटवरचं हॉस्पिटलचं नाव वाचून अचानक मराठीत बोलला – "ताई, तुमी चाकनच्या ना? मी म्हाळुंग्याला सहा वर्षं मेसमध्ये होतो. कापू नका हो पाय. चढावर शेत आहे आमचं."
माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर पोळ्या लाटत होता हा माणूस!

सरांनी कापायचं ठरवलं होतं. मी पुन्हा पाय चाचपला. "सर, अंगठा गरम आहे. नाडी लागतेय, बारीक. म्हणजे रक्त पोचतंय. दोन दिवस द्या."
"विष अंगात पसरलं तर?"
"ताप चढला की मीच सांगेन, कापा म्हणून."
सरांनी स्वतः नाडी पाहिली. हो म्हणाले. आता भीती मलाच वाटतेय.

१२ नोव्हेंबर
आज लक्ष्मीपूजन. इथं दिवसातून चारदा जखम धुणं, सडलेलं काढणं. मनमाया डंबरचा हात चावते, ओरडत नाही. ताप वाढला नाही. दुपारी म्हटलं, अंगठा हलव. हलला!

१५ नोव्हेंबर
सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हा पाय सिस्टरनी वाचवला." डंबर पाया पडायला आला, मी मागे सरले. पण इथं लिहिते – हो, मी वाचवला! मी!

१९ नोव्हेंबर
घरी आले. सासूबाईंनी ताट वाढलं. जेवण झाल्यावर, माझ्याकडे न बघता –
"त्या बाईचा पाय ऱ्हायला का?"
शेखरनं सांगितलेलं दिसतंय.
"राहिला, आत्या."
"तुला किळस न्हाई आली?"
"नाही."
उठून गेल्या.

२१ नोव्हेंबर
शेखर कंपनीत गेल्यावर सासूबाईंनी दार लावून घेतलं. पदर बाजूला केला. छातीत गाठ, लिंबाएवढी. "दीड वरीस झालं. पोराला काय सांगू? डॉक्टर बाप्या. लाज वाटायची. तू बघ."
हात लावला. कडक आहे, हलत नाही. त्यांनी डोळे मिटून माझं मनगट घट्ट धरलं होतं.
उद्या सकाळी नऊला मीच त्यांना हॉस्पिटलात बाई डॉक्टरांकडे घेऊन जातेय.